दुसऱ्या पानावरचं ‘नाही’

मंगळवारी सकाळी बाबांची अर्धी दाढी झाली होती, तेवढ्यात ते उठून उभे राहिले.

एका गालावर फेस, गळ्यात टॉवेल, पायांत वॉर्डाच्या निळ्या रबरी चपला. पलंगाला वळसा घालून ते समोरच्या भिंतीपाशी गेले, हातभर अंतरावर थांबले, जरासे वाकले आणि भिंतीच्या उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यावर त्यांनी नजर लावली. उजवा हात कमरेच्या उंचीवर, एखादा खटका धरल्यासारखा. त्या कोपऱ्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. रंगाचा एक पोपडा होता, तोही मागच्या आठवड्यात रंगाऱ्याने खरवडून नेला होता.

लेकीने रेझर मगातल्या पाण्यात ठेवला, मनातल्या मनात सातपर्यंत मोजलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आलं पडद्यावर. बसा आता.”

बाबांचे खांदे सैल झाले. हात खाली आला. ते वळले आणि खुर्चीत येऊन असे बसले, की जणू मधे काही घडलंच नव्हतं. उरलेला गाल त्यांनी स्वतःहून पुढे केला.

फरशी पुसणाऱ्या मावशी फडक्यावर हात टेकून बघत होत्या. “ऑपरेटरसाहेब, हिरोची एकच बाजू गोरी झालीय की हो! दुसरी काय इंटरव्हलनंतर दाखवणार?”

“पब्लिक ओरडेल,” बाबा गंभीरपणे म्हणाले.

“ओरडू दे. पैसे परत नाहीत म्हणावं.”

शेजारच्या पलंगापाशी बसलेल्या मास्तरीणबाई खुदकन हसल्या. त्यांचे मास्तर दिवसभर हवेत गणितं सोडवत आणि मधूनच कुणाला तरी नापास करत. मास्तरीणबाई मांडीवर लोकर घेऊन विणत असत. काय विणतात ते मात्र दीड महिन्यात कुणाला कळलं नव्हतं, कारण संध्याकाळी मास्तर ते उसवून ठेवत.

बाबा सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होते. छत्तीस वर्षं. त्या वेळी सिनेमा सलग नसे, रिळांत येई, आणि एक रीळ फार तर अठरा-वीस मिनिटं चाले. केबिनमध्ये दोन मशीनं. एकावर रीळ चालू, दुसऱ्यावर पुढचं चढवून तयार. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येई, क्षणभरच. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की खटका ओढायचा. खाली बसलेल्या हजार माणसांना काही म्हणजे काही कळता कामा नये. ठिपका हुकला तर पडदा पांढराफटक, आणि मग शिट्ट्या, शिव्या, खुर्च्यांची आदळआपट. बाबांचा ठिपका छत्तीस वर्षांत दोनदा हुकला होता. एकदा दाढ दुखत होती म्हणून, आणि एकदा मुलगी झाल्याचा निरोप खालून कुणीतरी ओरडून सांगितला म्हणून. हे दुसरं ते तिला लहानपणी अगदी तक्रारीच्या सुरात ऐकवत.

पुढचं रीळ नीट लागलं की केबिनमध्ये ते स्वतःशीच म्हणत, “आलं पडद्यावर,” आणि स्टुलावर बसत. आता थिएटर गेलं, मशीनं गेली, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत बाबांच्या डोक्यातून एकेक करून घराचा पत्ता, बायको गेल्याचं, मुलांची नावं, सगळं गेलं. ते वाक्यही गेलं. राहिलं ते फक्त दर अठरा मिनिटांनी उठणं. उठायचं कधी, ते अंगाला माहीत होतं. बसायचं कधी, ते मात्र कुणीतरी सांगावं लागे. घरी ते लेक सांगे. दिवसाही आणि रात्रीही.

वॉर्डात आता सगळेच सांगत. पलंगाच्या डोक्याशी पुठ्ठ्यावर थोरल्या सिस्टरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘हे उठून भिंतीपाशी उभे राहिले तर घाबरू नका, ओढू नका. सातपर्यंत मोजा आणि म्हणा, आलं पडद्यावर, बसा आता.’ जेवणाची गाडी ढकलणारा म्हणे, रक्त काढायला येणारी मुलगी म्हणे. एकदा राउंडवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर घसा खाकरून म्हटलं होतं, तेव्हा मास्तरांनी त्यांना शंभरपैकी नव्वद दिले होते.

दाढी झाली. तिने ओल्या कपड्याने बाबांचा चेहरा पुसला. डाव्या भुवईवरून जाताना तिचा हात हलका झाला. तिथे टाक्यांचा व्रण होता, पांढुरका, पेरभर लांब.

“मॅनेजर,” बाबा म्हणाले. गेले वर्षभर ती त्यांची थिएटर मॅनेजर होती.

“बोला.”

“माझ्या रजेचं काय केलंत?”

“रजा? कशासाठी हवीय?”

“लेकीकडे जायचंय.” त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “तिला झोप नाही हो. माझ्या पायी. चार दिवस गेलो असतो, बसलो असतो उशाशी, म्हणजे झोपली असती ती.”

मास्तरीणबाईंच्या सुया थांबल्या. तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“मंजूर,” ती म्हणाली.

“लेखी द्या. मागाहून तुम्ही बदलता.”

तिने पिशवीतून प्रुफांचा गठ्ठा काढला. ती प्रकाशकांसाठी मुद्रितं तपासायची. बाबांना घरी सांभाळायचं म्हटल्यावर करता येण्याजोगं तेवढंच काम उरलं होतं. एका पाठकोऱ्या पानावर तिने लिहिलं, ‘चार दिवसांची रजा मंजूर,’ आणि खाली सही केली. बाबांनी ते वाचल्यासारखं केलं, घडी घालून छातीशी खिशात ठेवलं आणि पुढच्या ठिपक्यापर्यंत शांत बसून राहिले.

थोरल्या सिस्टर आल्या त्या या वेळी. वॉर्डाच्या मुख्य. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालण्यात घाई आणि बोलण्यात अजिबात नाही. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

“काय ऑपरेटरसाहेब, आज पास मिळणार का मला?”

“हाउसफुल्ल आहे.”

“रोजच कसं हो हाउसफुल्ल!” मग लेकीकडे वळून, “ताई, एक काम होतं तुमच्याकडे. पुढच्या महिन्यापासून नातेवाइकांची बैठक सुरू करतोय. नवीन भरती झालेल्या पेशंटांच्या घरच्यांना बोलवायचं, माहिती द्यायची, त्यांच्याकडून घ्यायची. पहिल्या बैठकीत तुम्ही बोलावं असं मला वाटतं.”

“मी काय बोलणार?”

“हेच. पडद्यावरचं. मी आधी सांगीन, आमचं काय चुकलं ते. नऊ दिवस आम्ही या माणसाला गोळ्या घालत बसलो, आणि औषध होतं साडेतीन शब्दांचं. आम्ही तुम्हाला समोर बसवून विचारलं नाही. फॉर्म भरून घेऊन न वाचता फायलीत लावला की आपलं झालं, असं समजलो. ते मला माझ्या पोरींसमोर एकदा मोठ्यांदा बोलायचंय. म्हणजे पुन्हा होणार नाही.”

“बोला हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तुमच्यामुळे तर आम्हाला इथे सकाळपासून बसू देतात. नाहीतर चार ते पाच, तुरुंगासारखं.”

लेक म्हणाली, “बघते.” तेवढंच.

कारण फॉर्मने विचारलं होतं.

दुसऱ्या पानावर, वरून चौथा प्रश्न. ‘रुग्ण वारंवार उठतात किंवा फिरतात का? असल्यास किती वेळाने, आणि घरी तुम्ही काय करता?’ याहून स्पष्ट कुणी काय विचारणार? आणि त्याखाली, बारीक अक्षरात: ‘उत्तर हो असल्यास घरच्या एका व्यक्तीने चोवीस तास रुग्णासोबत राहणे आवश्यक.’ भरतीच्या दिवशी ती त्या खिडकीपाशी उभी होती, एका हाताने बाबांची बाही धरून. चौदा महिने ती अठरा-अठरा मिनिटांच्या तुकड्यांत झोपली होती. भाऊ दूरच्या शहरात, दुसरं कुणी नाही. तिने ती बारीक अक्षरं वाचली. बारीक अक्षरं वाचणं हा तिचा धंदाच होता. पेन टेकवलं आणि रकान्यात लिहिलं: नाही. पुढची जागा कोरी सोडली.

त्या दिवशी घरी जाऊन ती संध्याकाळी सहाला झोपली ती दुसऱ्या दिवशी बारा वाजता उठली. चारला भेटायला गेली तेव्हा गालावर उशीच्या शिवणीचा वळ होता. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी धाकटे डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, “त्यांना भिंतीवर काहीतरी दिसतं. सारखे उठतात, कोपऱ्यात टक लावतात, बसवलं की पुन्हा उठतात. भास होत असणार. गोळी थोडी वाढवलीय.” एवढं ऐकून तिला सगळं कळलं होतं. तोंडाशी आलेलं वाक्य तिने गिळलं. अजून दोन दिवस, तिने स्वतःला सांगितलं. दोन दिवस झोपते, मग सांगते. बाबांची जीभ जड झाली होती. ती त्यांचा हात धरून बसली आणि पाच वाजता घरी जाऊन झोपली.

नवव्या दिवशी गोळीच्या गुंगीत ते भिंतीपाशी उभे राहिले आणि तसेच खाली कोसळले. पाच टाके. ती गेली तेव्हा डोक्याला पट्टी बांधलेले बाबा दोन सिस्टरांच्या हातांतून सुटून उठायची धडपड करत होते. ती दारातूनच ओरडली, “आलं पडद्यावर! बसा, बाबा, बसा!” ते बसले. थोरल्या सिस्टरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “आमचं चुकलं, ताई. तुम्हाला नीट विचारायला हवं होतं. मला माफ करा.”

ती वेळ होती बोलायची. तिने मान खाली घातली. सिस्टरांना वाटलं रडू आवरतेय. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिच्याच चुकीची माफी अशी दुसऱ्याकडून तिच्या पदरात पडली.

त्यानंतरचे सहा आठवडे चांगले गेले, हेही खरं. गोळी कमी झाली. थोरल्या सिस्टरांनी वरपर्यंत भांडून घरच्यांना दिवसभर थांबायची परवानगी आणली. प्रत्येक पलंगापाशी एक बरी खुर्ची आली. रात्री वॉर्डातले लोक सांभाळत. म्हणजे ती दिवसा बाबांजवळ बसे आणि रात्री घरी झोपे. जे तिला हवं होतं, ते खरं बोलूनही मिळालं असतं, फक्त तसं मागता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी ती दाढीचं सामान घेऊन येई तेव्हा ठरवून येई, आज सांगायचं. आणि रोज कुणीतरी म्हणे, किती करता हो तुम्ही वडिलांचं.

त्या मंगळवारी दुपारीही ती सिस्टरांच्या टेबलापाशी जाऊन आली. सिस्टर फोनवर होत्या. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, काय? तिने मान हलवली, काही नाही. उद्या सांगू. संध्याकाळी निघताना बाबांचं पांघरूण सारखं केलं. खिशातला रजेचा कागद टोचेल म्हणून काढायला गेली तर त्यांनी तिचा हात धरला.

“तो राहू द्या, मॅनेजर.”

“बरं. राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी सव्वासातला फोन आला. नंतर मावशींनी तिला तो प्रसंग सांगितला, आणि पुढच्या काही तासांत पुन्हा पुन्हा सांगितला, तिच्यासाठी आणि बहुधा स्वतःसाठीही. “चहा घेतला ना त्यांनी, सगळा घेतला. मग उठले, भिंतीशी गेले. मी म्हटलं, आलं पडद्यावर, बसा. बसले बघा छान. मी कप धुऊन आले, तर बसलेलेच. म्हटलं, ऑपरेटरसाहेब, डोळा लागला काय? तर...” मावशी तिथपर्यंत येत आणि पदर तोंडाला लावत. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या टाक्यांचा, गोळ्यांचा याच्याशी काही संबंध नाही. त्यांनी हे न विचारता सांगितलं.

भाऊ आला. त्याला ती दादा म्हणायची. दादाने जे जे करायचं ते सगळं केलं, माणसांची ये-जा सांभाळली, आणि येणारा प्रत्येक जण तिला म्हणाला की तू होतीस म्हणून. ती ऐकून घेई आणि पाणी आणायला आत जाई. दादा परत जायच्या आदल्या सकाळी दोघं स्वयंपाकघरात होती. तो ओट्याला टेकून चहा पीत होता.

“दादा, मला तुला एक सांगायचंय. भरतीचा फॉर्म मी भरला ना, त्याच्यात...”

“ते कागद मी बघतो सगळे. तू आता एकाही फॉर्मला हात लावायचा नाहीस.”

“तसं नाही रे.”

“हे बघ.” त्याने कप ठेवला. डोळे सुजलेले होते. “मी वर्षातून दोनदा यायचो. पाहुण्यासारखा. ते मला ‘नवीन डोअरकीपर’ म्हणायचे. तू सगळं केलंस, मी काही केलं नाही. मला अजून काही ऐकवू नकोस, मला झेपणार नाही.”

त्याला नेमकं कशाची भीती वाटत होती ते तिला समजलं. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, जसा लहानपणी तो तिच्या फिरवायचा, आणि गप्प बसली. गप्प बसण्यात ती आता तरबेज झाली होती.

तीन आठवड्यांनी थोरल्या सिस्टरांचा फोन आला. “बुधवारी ती बैठक आहे. तुम्ही यायलाच हवं असं नाही, ताई. मनावर ओझं नको. मी माझं सांगीनच.”

म्हणजे सिस्टर उभ्या राहून, आपल्या पोरींसमोर, जी चूक त्यांची नव्हती ती आपली म्हणून सांगणार होत्या.

“मी येते,” ती म्हणाली.

बैठक व्यायामाच्या खोलीत होती. एका बाजूला गाद्या रचलेल्या, भिंतीला चालण्याच्या सरावाचे दोन दांडे, आणि मधे गोलात मांडलेल्या पंधराएक प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बाबांच्या सात नंबरच्या पलंगावरून ती न बघता पुढे आली होती. पुठ्ठा काढलेला होता, तेवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलंच. मास्तरीणबाईंनी हात करून जवळची जागा दाखवली. विणकाम मांडीवर होतंच.

“मास्तर कसे आहेत?”

“परवा तुमच्या वडलांची चौकशी करत होते. म्हणे, तो मागच्या बाकावरचा पोरगा गैरहजर का? मी म्हटलं, रजेवर आहे.” मास्तरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. “चुकलं का माझं?”

“नाही. मंजूर होती.”

तिच्या डाव्या हाताला एक माणूस येऊन बसला. साठीचा, भरदार, मनगटांवर जुन्या भाजल्याचे डाग, केसांच्या मुळांशी मैद्याची पांढरी रेघ. बेकरीवाला होता, ते त्याने आपणहून सांगितलं. बायकोला आज सकाळीच आणलं होतं, ती बाहेर मावशींजवळ बसली होती. बैठक झाली की भरती. हातात फॉर्म होता आणि बोलपेन, आणि तो दुसऱ्या पानावर अडला होता.

थोरल्या सिस्टर उभ्या राहिल्या. पाठीमागे भिंतीला लागून पाच-सहा तरुण सिस्टर आणि धाकटे डॉक्टर. सिस्टरांनी प्रस्तावना वगैरे केली नाही.

“तुम्ही इथे आलात, बरं केलंत. आम्हाला आजार कळतो, माणूस तुम्हाला कळतो. हे मला शिकायला तीस वर्षं लागली. दोन-अडीच महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक गृहस्थ होते...”

तिने हातांची बोटं एकमेकांत अडकवली. सिस्टर सांगत गेल्या. भिंत, कोपरा, गोळ्या, पडणं. धाकटे डॉक्टर बुटांकडे बघत होते. चौथ्या दिवशी तिला बाजूला घेऊन बोलणारे हेच. तेव्हापेक्षा बारीक झाल्यासारखे दिसत होते.

बेकरीवाला तिच्याकडे झुकला. कुजबुजत म्हणाला, “ताई, तुम्ही इथल्या माहितगार दिसता. एक विचारू? हे उठतात-फिरतात का, याला काय लिहायचं?”

“फिरतात का त्या?”

“पायाला भिंगरी नुसती. पहाटे तीनला उठते. चाळीस वर्षं माझ्याबरोबर उठली ना भट्टीवर. दार उघडून चालायला लागते.” त्याने बोलपेनाचं टोक त्या बारीक अक्षरांवर ठेवलं. “पण हो लिहिलं तर चोवीस तास माणूस मागतात. माझ्याकडे माणूस म्हणजे मीच. आणि मी... माझ्याने आता उभं राहवत नाही, ताई. परवा भट्टीपाशी उभ्या उभ्या झोप लागली मला.” तो ओशाळं हसला. “नाही लिहितो. चार दिवसांनी कळेलच त्यांना. चार दिवसांत काय होतंय?”

समोर सिस्टर म्हणत होत्या, “...आणि यात घरच्यांकडे काडीचाही दोष नव्हता. आम्ही विचारलं नाही. त्या गृहस्थांच्या कन्या इथे आहेत, त्यांच्यासमोर मी पुन्हा एकदा...”

बोलपेन रकान्यात टेकलं. ‘ना’ लिहून झाला.

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, त्या भाजलेल्या डागांवर, आणि उभी राहिली. खुर्ची मागे सरकली. मास्तरीणबाईंनी विणकाम खाली ठेवलं.

“सिस्टर, पुढे नका बोलू.”

“बसून बोला ना, ताई. सावकाश.”

“नाही, उभीच राहते.” ती धाकट्या डॉक्टरांकडेही वळली. “तुम्ही माफी मागू नका. डॉक्टर, तुम्हीही नका. तुमच्या फॉर्मने मला विचारलं होतं. दुसऱ्या पानावर चौथा प्रश्न, या काकांच्या हातात आहे तोच. घरी तुम्ही काय करता, हेसुद्धा विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. दर अठरा मिनिटांनी उठतात, आणि काय म्हटलं की बसतात, सगळं माहीत होतं. मी ‘नाही’ लिहिलं.”

थोरल्या सिस्टरांचा चेहरा तिला धड दिसत नव्हता, आणि तिने नीट पाहायचा प्रयत्नही केला नाही.

“खाली लिहिलंय ना, की हो असेल तर घरच्याने चोवीस तास राहायचं. ते वाचून लिहिलं. ते वाक्य काढा, सिस्टर. ते तिथे आहे तोवर माझ्यासारखी माणसं खोटंच लिहिणार. काका, तुम्ही हो लिहा. तीन वाजता उठतात ते लिहा, भट्टीचं लिहा. आणि माझ्याकडे दुसरं माणूस नाही, मी थकलोय, तेही त्याच्या शेजारी लिहा.”

बेकरीवाल्याने फॉर्म छातीशी धरला होता.

“चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं, की त्यांना भिंतीवर काहीतरी दिसतं. काय दिसतं ते मला त्याच क्षणी कळलं. तेव्हाही बोलले नाही. पाच दिवस. पाच दिवस ते तिथे उभे राहत होते, कुणी बसा म्हणेल म्हणून.” बाबांसमोर, दादासमोर, स्वतःशी एकटी असतानाही जे ओठांवर आलं नव्हतं, ते आता आलं. “मला झोपायचं होतं. माझे वडील भिंतीशी उभे होते आणि मी घरी झोपले होते. आणि झोप छान लागत होती मला, सिस्टर. फार छान लागत होती.”